उडतं म्हणून आणलेलं बदक

"उडत होतं म्हणतोस? मग छर्रा कुठं लागलाय? दाखव ना!"

तळ्याकाठी, कचुलूच्या धक्क्यावर होडीच्या रांगेत ते दोघं माझ्या पुढंच होते. म्हातारा एनेलेसचा मामा, म्हणजे इथल्या रीतीनं तिच्या लग्नाला हो-नाही म्हणणारा. हातात मेलेलं नाकेर बदक. समोर तिला मागणी घालायला आलेला नाझोम्बे.

"आरपार गेला असेल, मामा."

"नाकेराच्या अंगातून? तुमच्या नदीकडच्या त्या बारक्या अडया वाटल्या काय, शीळ घालत आपणहून बंदुकीसमोर येणाऱ्या?"

"हळू बोला, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. पंख उघड त्याचा."

"कशाला?"

"उघड म्हणतो ना! ही बघ. लांब पिसं सगळी झडलेली, नवी बोटभरपण आली नाहीत. आणि हे उडत होतं?"

नाझोम्बेनं पंख परत मिटवला.

"बोल की, जावईबापू."

"लय फिरलो, मामा. एक पडलं नाही. रिकाम्या हातानं कसा येणार?"

"रिकाम्या हातानं आलास तरी जेवायला वाढलं असतं. पिसं झडलेल्या पाखराला आमच्यात पोरंसुद्धा हात लावत नाहीत."

"एनेलेसला नका सांगू. पाया पडतो."

"मी कशाला सांगू? ती बघ आली. तूच सांग."

माशांची टोपली डोक्यावर घेऊन पोरगी धावतच आली.

"अगंबाई, केवढं मोठं! उडताना पाडलंस?"

मामानं तोंड फिरवलं.

"नाही. गवतात लपलेलं. उडायला बघत होतं, उडता येईना. मी हातानं मान पिरगळली."

होडीवाला माझ्या नावानं ओरडतोय. निघतो मी.