पायाळू बाहेर, गाव आत

नाही, बाहेर जायचं तर जाते, माझं काही म्हणणं नाही, पण निदान चप्पल तरी सापडू द्या ना माणसाला! अडतीस माणसांच्या चपलांचा दारात ढीग, दुपारचे साडेतीन आणि आभाळ असं काळं की कोंबड्या झोपायला निघालेल्या, मी एक पाय वर धरून माझी डावी चप्पल शोधतेय, आणि आतून आमची ठकुआत्या, सख्खी बरं का, बापाची सख्खी बहीण, ओरडतेय, "अगं आता चपल्या काय बघतीस, जा की बिगीबिगी, वर गुरगुराय लागलंय!" गेले. अनवाणी गेले. तुम्हाला सांगते, मला आता काही वाटत नाही.

थांबा, मी मधूनच सुरू केलं. तर मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना सगळी माणसं डोकं आधी काढतात, मी पाय काढले. एवढाच माझा गुन्हा, आणि तोही मी काही ठरवून केलेला नाही! पण पायाळू माणसावर वीज पडते, हे आमच्याकडे पानशेतपासून भाटघरपर्यंत कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगतील. लहानपणी ढग वाजले की आई मला कोपऱ्यात बसवून वरून घोंगडं टाकायची, आणि शेजारच्या काकू हाका मारायच्या, "मंगल, ये गं घरी, त्या पायाळीपाशी नगं बसू!" मंगल जायची. पत्ते अर्धे टाकून जायची. सहावीत मला हैदराबादला मावशीकडे शिकायला पाठवलं. हुशार होते म्हणून पाठवलं असं घरचे सांगतात... आता मला सांगा, हुशार पोरीला जूनच्या सहा तारखेला, ढग यायच्या आत, एवढ्या घाईनं पाठवतात का हो?

बरं, पायाळूचा उपयोगही आहे, नाही असं नाही. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, उसण जाते. बारा वर्षांनी मी गावात परत आले, भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, छातीत नुसती आग, की माझ्या खोऱ्यात विजेनं एक माणूस मरता कामा नये, पुण्याच्या एका संस्थेनं अकरा गावं दिलीत, पोस्टर आहेत, भोंगा आहे... आणि एसटीतून उतरले तर फाट्यावर आमचा मानसिंगमामा वाकून उभा! मला वाटलं, स्वागताला आलाय. म्हणतो, "आलीस व्हय, बरं झालं. चार दिस झालं उसण भरलीया. हाण एक." अहो, मामा! भाचीला पाया पडू देत नाहीत, उलट मामा भाचीच्या पाया पडतो, ही आपली रीत. मग त्यानं आधी माझ्या पाया पडून घेतलं, आणि मग वळून उभा राहिला. भर फाट्यावर. हाणली. काय करणार! दुसऱ्या दिवशी दारात चार जण वाकलेले. एवढी पदवी एकीकडे आणि माझा उजवा पाय एकीकडे!

पण मी हटले नाही हं. घरोघर फिरले. ढगांचा आवाज आला की पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही, गोठ्याच्या पत्र्याखाली नाही, भाताच्या खाचरात तर नाहीच. आत गेल्यावर खिडकीत उभं राहू नका, नळाला हात लावू नका, चार्जरला लावलेला मोबाईल कानाला लावू नका, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. सोपं आहे की नाही? पोरासोरांना पाठ. सगळे माना डोलवायचे, "व्हय ताई, व्हय ताई," आणि वीज चमकली की अंगणात कोयता भिरकावून तो कुठं पडला ते बघायला दारात उभे! का, तर लोखंड टाकलं की वीज शांत होते. तुम्हाला सांगते, मला आता काही वाटत नाही, पण तेव्हा वाटायचं. तेव्हा मी रडायचे.

तर तो दिवस. ऑक्टोबर, भात कापणीला आलेलं, दुपारी बायामाणसं खाचरात, आणि डोंगराच्या मागून हे असं काळंकुट्ट वर आलं. मी भोंगा घेऊन समाजमंदिराच्या पायरीवर उभी. पक्कं बांधकाम, स्लॅब, खिडक्यांना काचा, याहून चांगली जागा वाडीत नाही. ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले, "आत या! विळे ठेवा, आत या!" आणि तुम्हाला खोटं वाटेल, आले हो! पहिल्यांदा आले! जगनदादा आला, मंगल आली, राजनंदिनीवहिनी आठ महिन्यांचं पोर कडेवर घेऊन धावत आल्या. मी पायरीवर एकेक मोजतेय, पस्तीस, छत्तीस... डोळ्यांत पाणी. अडतीस! एक माणूस शिवारात नाही! मी चप्पल काढली, आत आले, दार लावलं, वळले.

आणि अडतीस माणसं मागच्या भिंतीकडे सरकली.

अशी बघतायत माझ्याकडे, जसं काही त्यांच्या पाठोपाठ आत मी नाही, नाग आलाय. ठकुआत्या म्हणाली, "तू कुठं आत आलीस गं?"

म्हटलं, "म्हणजे? मीच तर बोलावलं सगळ्यांना!"

"बोलावलंस, ते ठीक. पण तू बी आत?"

आता यांचा चांगुलपणा बघा. मला कुणी बाहेर काढलं नाही. जगनदादा उठला, टोपी घातली, म्हणाला, "लेकीच्या जातीला असल्या वक्ताला भाईर काढायचं पाप आमी न्हाई करणार. तू बस हितं निवांत. आमी आंब्याखाली थांबतो." आणि उठले की हो सगळे! समाजमंदिराच्या मागं तो म्हातारा आंबा, पाचजणांच्या कवेत न मावणारा, आख्ख्या वाडीत सगळ्यात उंच. आणि दाराशी सगळ्यात पुढं कोण? राजनंदिनीवहिनी. पोराच्या डोक्यावर पदर टाकून!

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "वीज माणूस कसा जन्मला ते बघत नाही!"

मंगल म्हणाली, "मग काय बघती?"

"उंच काय आहे ते बघते! आंबा उंच आहे!"

"आगं मग चांगलंच की! ती आंब्यावर पडंल. आमी खाली आसू."

काय बोलता यावर? सांगा ना! तरी मी बोलले, धनभार, ऋणभार, फांदीवरून माणसावर कशी उडी मारते, जमिनीतून पायात कशी येते... जगनदादा शांतपणे ऐकून म्हणाला, "तुला मास्तरनं शिकवलं, आमाला आज्यानं शिकवलं. मास्तर बदलत्यात, ताई." बाहेर चमकली. मी मोजायला लागले, एक, दोन, तीन... सातला गडगडलं. म्हणजे अडीच किलोमीटरच्या आत. वहिनींनी माझ्या दंडाला धरून मला अलगद बाजूला केलं आणि कडीला हात घातला. पोर माझ्याकडे बघून हसलं. दोन दात.

तर त्या वेळी मी काय केलं असेल? विज्ञान? प्रबोधन? छे! मी म्हटलं, "वहिनी, थांबा. मीच जाते."

एवढा निःश्वास सुटला हो सभागृहात! सगळे जागच्या जागी बसले. पाय पसरून बसले. मानसिंगमामानं टेम्पोची किल्ली फेकली, "टेम्पोत बस, काचा वर घे," आणि मी दार उघडते तर मागून, "जाता जाता एक हाणतीस का, डाव्या अंगाला?"

मग ते चपलेचं. मग पळाले. ढग गडगडताना उघड्यावर पळू नये, मुद्दा क्रमांक एक, माझ्याच हस्ताक्षरात, त्याच समाजमंदिराच्या भिंतीवर लावलेला, त्याच्या शेजारून पळाले! टेम्पो रस्त्याकडेला, आंब्यापासून चांगला लांब. केबिनमध्ये शिरले, काचा वर, दोन्ही हात मांडीवर, पत्र्याला काही लावायचं नाही. चारी बाजूंनी पत्र्याचं बंद केबिन असलं की वीज पत्र्याच्या बाहेरूनच जमिनीत जाते. माहीत आहे मला. दात वाजत होते, पण माहीत होतं.

आणि पडली.

आवाज नाही ऐकू आला. पांढरं झालं सगळं, आणि मग कानात नुसती शिट्टी. आंबा वरपासून खालपर्यंत उभा सोललेला, बुंध्यातून वाफ, आणि बुंध्याशी, जिथं सगळे पाठ टेकून उभे राहतात तिथं, माती उकरल्यासारखी. मी बघत बसले. भीती नाही, आनंद नाही, अंगाखाली पाय आहेत का तेही कळत नाही. समाजमंदिराच्या खिडकीत डोकी. खिडकीत उभं राहू नका म्हणून सांगितलंय हो! पण मी मोजली. जेवढी दिसली तेवढी मोजली. एका काचेला इवलासा तळहात टेकलेला होता. ते दिसल्यावर मी पुढचं काही बघितलं नाही.

एकच विचार डोक्यात आला, आता पटेल. आता तरी पटेल!

अर्धा तास कुणी थांबलं नाही, हे वेगळं सांगायला नको. ठकुआत्या धावत आली, मला केबिनमधून ओढून कुरवाळते, रडते, काही बोलते. मला ऐकू येत नाही. संध्याकाळी उजवा कान जरा उघडला, तेव्हाही तिचं तेच चालू होतं, म्हणून कळलं. "बाई माझी! तू भाईर गेलीस म्हणून सगळी वाचली! तुझ्यावरच यायची हुती गं, जरा चुकली!"

मी ओरडले, म्हणजे मला वाटतं ओरडले, "अगं, तुम्ही त्या आंब्याखाली असता तर?"

मानसिंगमामा म्हणाला, "व्हय की! पन आमी आंब्याखाली कशाला आसतो? तू भाईर आसलीस की आमी आत!"

तुम्हाला सांगते, मला आता काही वाटत नाही. कानही अजून एकच चालतो. आता असं आहे की ढग वाजला, की मी किल्ली घेते, हॉर्न वाजवत वाडीतून एक फेरी मारते, पायाळू बाहेर निघाली हे सगळ्यांना दिसलं पाहिजे ना, आणि बघता बघता खाचरं रिकामी! झाडाखाली कुत्रंसुद्धा नाही! मग मी फाट्यावर टेम्पो लावून काचा वर करून बसते. शेवटच्या गडगडाटानंतर मोबाईलवर घड्याळ लावून अर्धा तास थांबते, आणि मी परत आले की मगच लोक बाहेर येतात. म्हणजे नियम अगदी मिनिटाबरहुकूम पाळला जातो! घरात घोंगडं होतं, आता टेम्पो आहे. प्रगतीच म्हणायची.

संस्थेच्या मॅडमना मी अहवाल पाठवला. शंभर टक्के लोक घरात. त्यांचा फोन आला, "प्रेरणा, देशात कुठंच हे जमलेलं नाही! कसं केलंस?" मी खरं सांगितलं. सगळं. पाय, लाथ, हॉर्न, सगळं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं दुसरा कानही गेला. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "हे चूकच आहे गं... पण उरलेल्या दहा गावांत कधी करतेस?"

म्हणून सध्या मी दहा गावांतल्या जुन्याजाणत्या सुइणींना, पायाळू कोण कोण ते विचारत फिरतेय. काल आंबवड्यात एक पायाळू सापडल्या. गीताबाई. बासष्ट वर्षांच्या. आख्खा जन्म ढग आला की गोधडीखाली काढलाय. मी त्यांना सगळं समजावलं, धनभार, ऋणभार, पत्र्याचं केबिन, काचा वर. त्यांनी ऐकून घेतलं, गोधडीची घडी केली, बाजूला ठेवली, आणि म्हणाल्या, "येते की. फकस्त टेम्पोचा गेर कसा टाकायचा, तेवढं दाव."