घंटेपर्यंत कोरडं

देलिया : “दुपारची घंटा होईपर्यंत तोंडाला थेंब लावायचा नाही. पाणी प्यालीस की हलावं लागतं, आणि हललीस की जागा गेली.” तुझाच आवाज, आई. तापात तोच ऐकू येत होता मला.

लुसिला : मग वाईट काय सांगितलं, बाळा? बावीस वर्षं मी गुलाब निवडायच्या टेबलाशी उभी राहिले ती त्याच बळावर. ‘लुसिला हलत नाही’ म्हणायचे. सगळ्या बागांत नाव होतं.

देलिया : अजून आहे. मुकादमीण नव्या पोरींना तुझंच उदाहरण देते. बारा जणींच्या टेबलाला एक लाकडी बिल्ला. ज्या बाईच्या गळ्यात तो, तिनेच संडासाला जायचं. मी मागितला तर म्हणाली, लुसिलाची लेक ना तू? मग मी हातच पुढे केला नाही पुन्हा.

लुसिला : गप पड. टाके दुखतील.

देलिया : टाके कुठले? टाके घालण्याइतकं मोठं कुठे झालं होतं माझं बाळ?

लुसिला : देवमाते!

मारूखा : काय चाललंय? मावशी, पलंगावरून उतरा बघू. डॉक्टरांनी पाहिलं तर मला बोलणी बसतील. देलिया, हा पेला अजून भरलेलाच? मी काय शोभेला ठेवला होता?

देलिया : तहान नाही, सिस्टर.

मारूखा : तहान लागायची वाट पाहत बसलीस म्हणूनच इथे आलीस. पी. अर्धा तरी. हां, असं.

लुसिला : सिस्टर, एक विचारू? रागावू नका. हे थंडीनंच झालं ना? फुलं ठेवतात त्या गार खोलीत ही तासन् तास असायची. ओटीपोटात थंडी शिरली. मी मक्याच्या कणसाचे केस उकळून दिले, वीट तापवून बसवलं. तीन रात्री.

मारूखा : तुमची माया कळते, मावशी. पण थंडी नाही शिरत. जंतू शिरतात. आपल्या बायकांची लघवीची वाट एवढीशी असते, बोटाच्या दोन पेरांइतकी. मागचे जंतू पुढे येतात आणि वर चढतात. म्हणून पुसताना पुढून मागे पुसायचं. नवऱ्याजवळ गेल्यावर उठून लघवी करून यायचं, मग खुशाल झोपायचं. लाजू नका हो, सात पोरांच्या आया माझ्यापुढे लाजतात!

लुसिला : नाही, नाही. ऐकते मी.

मारूखा : आणि पाणी. प्यालं की लघवी होते, लघवी झाली की बरेचसे जंतू धुऊन जातात. सहा-सहा तास कोंडून ठेवली की त्यांना आयतं घर. पोटुशी असताना तर फारच जपायचं. लघवीच्या पिशवीतून ते किडनीपर्यंत चढतात. मग थंडी वाजून ताप, कंबर धरते, आणि कधीकधी कळाही सुरू होतात. हिच्या झाल्या तशा.

लुसिला : पण गोळ्या घेतल्या होत्या हिनं. पाचव्या महिन्यात जळजळ झाली तेव्हा.

देलिया : तीन दिवस घेतल्या.

मारूखा : सात दिवसांच्या होत्या ना?

देलिया : चौथ्या दिवशी आग थांबली. उरलेल्या आईनं डब्यात ठेवल्या. आमच्याकडे सगळ्याच ठेवतात, सिस्टर. पुढच्या वेळेला होतील म्हणून. नाहीतर बहिणीला.

मारूखा : कितींदा सांगायचं तुम्हा गुलाबवाल्यांना? फेब्रुवारी आला की माझा अर्धा वॉर्ड तुमच्यानंच भरतो.

देलिया : चौदा तारखेला, प्रेमाच्या दिवशी, परदेशातल्या बायकांना फुलं मिळतात. कोणाला तरी भरावा लागणार वॉर्ड.

मारूखा : जीभ बरी आहे म्हणजे ताप उतरलाय. मी सुईचं बघून येते.

लुसिला : देलिया. मी एक सांगू? तो चाळीस मिनिटं जिवंत होता. तू शुद्धीवर नव्हतीस. पाद्रीबाबांना बोलवायला वेळ नव्हता, मीच त्याच्या कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लावलं. सेगुंदो नाव ठेवलं. तुझ्या आजोबांचं.

देलिया : रडला?

लुसिला : तोंड उघडलं. आवाज नाही आला.

देलिया : त्याला तरी वेळेवर पाणी लावलंस, आई.

लुसिला : मार मला. हातानं मार, पण असं बोलू नकोस.

देलिया : मला मारायचं नाही कोणाला. विल्सन कुठे आहे?

लुसिला : सुताराकडे. बाळासाठी पांढरी पेटी आणायला गेलाय. बाप असून रडला नाही अजून, नुसता खिळे मोजत बसला होता. तुझ्या आणि धाकट्या ग्लादिसच्या मधे माझे दोन गेले, देलिया. तुला कधी सांगितलं नाही. दोन्ही वेळा अशीच जळजळ, असाच ताप. मी म्हटलं, देवाची इच्छा. रोज जपमाळ ओढली आणि रोज टेबलाशी कोरडी उभी राहिले. आज ही सिस्टर सांगते आणि मला... त्याची इच्छा नसेलच तर? माझीच चूक असेल तर?

देलिया : मला माहीत नाही.

लुसिला : बोल ना काहीतरी.

देलिया : ग्लादिस कुठे आहे? काल संध्याकाळपासून आली नाही.

लुसिला : येईल.

देलिया : आई.

लुसिला : तुझी जागा जाऊ नये म्हणून पाठवली. हंगामात टेबल रिकामं ठेवत नाहीत, तुला ठाऊक आहे. घरचीच बाई उभी केली तर जागा राहते. आज पहाटे सहाला उभी केली तिला. एकोणीसची झाली आता, लहान का आहे?

देलिया : काय सांगून पाठवलंस तिला?

लुसिला : आधी तो पेला संपव.

देलिया : काय सांगितलंस, आई?

लुसिला : जे तुला सांगितलं तेच. पहाटे चहासुद्धा घेऊ दिला नाही. म्हटलं, लुसिलाच्या लेकी आहात.

(देलिया भिंतीकडे तोंड फिरवते.)

लुसिला : बाळा, मी आजपर्यंत हेच खरं मानत होते. आत्ता या बाईनं सांगेपर्यंत.

देलिया : तिलाही गेल्या महिन्यात जळजळ होती. मला म्हणाली होती. ‘आईला सांगू नकोस’ म्हणाली.

लुसिला : ग्लादिसला?

देलिया : डब्यातल्या माझ्या गोळ्या तिनंच घेतल्या. चार दिवस पुरल्या.

लुसिला : देवमाते! मी काय करून ठेवलं हे?

देलिया : मला एक वचन दे. जा तिकडे. सगळ्यांसमोर तिला पाणी पाज आणि बिल्ला तिच्या गळ्यात घाल. मुकादमीण ओरडू दे. आणि तिथून सरळ दवाखान्यात आण, तपासायला.

लुसिला : तुझी जागा जाईल आणि तिलाही पुन्हा घेणार नाहीत, देलिया. खायचं काय?

देलिया : मला नाही माहीत. तुझं तूच ठरव. पण ‘लुसिला हलत नाही’ हे तुझ्याच तोंडानं खोटं पाड. तुझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाहीत त्या पोरी.

लुसिला : आणि तू? एकटी पडशील इथे. पेटी येईल...

देलिया : विल्सन आहे. सेगुंदो आता कुठे जात नाही. दे वचन.

लुसिला : दिलं.

मारूखा : मावशी, शाल घेऊन कुठे निघालात? मी सुई घेऊन आले तर तुम्ही दारात!

लुसिला : बागेत. हिला तेवढं पाणी देत राहा, सिस्टर. नको म्हणाली तरी.

मारूखा : देते हो. पण आत्ता कुठे जाल? बस गेली. पुढची एक वाजता.

लुसिला : चालत जाते. पोर सहापासून तशीच उभी आहे.