आचाऱ्याचं नाक

...हुंगवून हुंगवून जीव काढला हो माझा! चहाला थांबलो की आमच्या गावचा देवजी खिशातनं सुका बोंबील काढणार, माझ्या नाकाला लावणार, "वास येतो का?" अरे बाबा, नाय येत! कितीदा सांगू? तुमाला सांगतो, मी काळूराम, शेणव्याचा आचारी, पार मुरबाडपर्यंत लग्नाची जेवणं माझ्या हातची... आणि मलाच वास येईना झालेला!

झालं काय, शेजारच्या साईनाथच्या फटफटीवर मागं बसून आटगावला चाललेलो. त्यानं खड्डा चुकवला आणि मला पाडला. टाळकं आपटलं. घरी जेवायला बसलो, तर सुकटीचं कालवण म्हणजे नुसतं गरम पाणी! बायकोला बोललो, तर अनिता काय बोलते? "अवं, नाटकं नका करू, गुमान जेवा."

मग शहापूरला डॉक्टरकडं. मला वाटलं नाक बघंल. कुठलं काय! डोळ्यात बॅटरी मारली, बोट फिरवलं, "दात आवळा, गाल फुगवा, जीभ काढा, खांदे उचला..." अहो साहेब, दुखणं नाकाचं, खांदे कशाला? तर बोलला, "मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, सगळ्या बघाव्या लागतात." मग डोळे मिटायला लावून एकेक नाकपुडी दाबली. कॉफी, साबण, लवंग. "वास येतो का?" नाय. "आता?" नाय, साहेब! रडायला आलं मला. लवंग हो, माझ्या मसालेभातातली लवंग! शेवटी कसली तरी बाटली धरली, तर असला ठसका, डोळ्यातनं पाणी! लगेच अनिता, "बघा, आला ना वास? लबाड माणूस!" डॉक्टर हसला. "वहिनी, हा वास नाही, हे झोंबणं. त्याची नस वेगळी, ती चांगली आहे. वासाची नस मार बसून तुटली." मी बोललो, वास परत येईल? "येईल, किंवा नाही येणार. वाट बघा."

वाट बघा! टोकावड्याचं लग्न तोंडावर आलेलं, आणि टोपाच्या बुडाला करपलं तर मला कळणार कशानं? डोळ्यानं? मग अनितालाच टोपाशी उभी केली. "वास येतो का गो?" "येतो. जाळ कमी करा." "आता?" "मसाला भाजला, उतरवा." सगळं लग्न तिच्या नाकावर पार पडलं, आणि वरमाय तिलाच बोलते, "वैनी, काय चव तुमच्या हाताला!" हात माझे हो! पण ऐकतंय कोण? पुढच्या सगळ्या ऑर्डरी तिच्याच नावानं. मी आपला ढवळतोय.

पावसाळा गेला, परत लग्नं लागली. परवा एका हळदीला भाताचं झाकण काढलं, वाफ तोंडावर आली आणि... आला! बारीकसाच, पण नव्या भाताचा वास! डोळे भरून आले माझे, खोटं नाय सांगत. तसाच धावत गेलो, "अनिता, वास आला गो! आता टोपाकडं मी बघतो!"

तिनं हात जोडले देवाला, पदरानं डोळे पुसले, आणि बोलली, "लय बरं झालं. पण एका चुलीवर दोन आचारी नाय चालत. पंगत बसलीय, ती बादली घ्या आणि डाळ वाढा."

काय करतो? वाढली.