पाहुण्यांच्या बाजूला

—नाही हो, चुकून नाही बसले, ही माझीच जागा आहे! हॅडलीच्या या हॉलमध्ये आले की मी इथंच बसते, पाहुण्यांच्या बाजूला—माझ्या लग्नाआधीपासून. तुम्ही टर्टल क्रीकचे पाहुणे, ते दिसतंय की, सगळे पिवळेधमक होऊन आलाय—पण मी काय हॅडलीची आहे? मी शेजारच्या एल्म फोर्कची, खेळात हॅडलीच्या जुन्या वैऱ्यांतली! काय म्हणालात? यजमान? आम्ही? हो, कागदावर. झालं असं, आमच्याकडे मुली उरल्या पाच, हॅडलीकडे त्याहून कमी, आणि व्हॉलीबॉलला लागतात सहा. मग दोन शाळांनी मिळून केला एकच संघ—नाहीतर कॉन्फरन्समधून, म्हणजे या भागातल्या शाळांच्या स्पर्धेतून, दोघींचंही नाव गेलं असतं. निम्मे सामने आमच्या गावात, निम्मे इथं. म्हणजे हा हॉल आता माझाही. डोक्याला कळतं हो, पण ढुंगणाला कोण सांगणार? ते आपलं जुन्या बाकाकडेच वळतं.

परवा तर कहरच केला मी. हॅडलीच्या पोरीनं झकास फटका मारला आणि मी सवयीनं किंचाळले, ‘बाहेर! बाहेर गेला!’—आमचाच पॉइंट होता हो! माझी नात किन्सी—ती बघा, नऊ नंबर, लांब वेणीवाली—घरी आल्यावर बोलेचना. आज निघताना म्हणते, ‘आजी, समोर आमच्याकडे बसणार असलीस तर ये, नाहीतर येऊच नकोस.’ शेंबूड पुसलाय मी तिचा, आणि मला अटी घालते! आले तरी मी. बसले इथंच. बघू काय करते.

समोर ती लाल स्वेटरवाली दिसली? व्हर्लीन. हॅडलीची. तिकडे काउंटरवर चिली विकते ना, ती तिचीच—खिमा कमी, राजमाच जास्त. असं मी म्हणते. म्हणजे... खाल्ली नाहीये मी कधी. कशी खाणार? आमच्यातलं कुणीच खायचं नाही! आता किन्सी सरावानंतर तिच्याकडेच जेवते. वर तिला ‘व्हर्लीनआजी’ म्हणते. आजी! झोंबलं हो मला. खोटं कशाला बोलू, भीतीच वाटते. या पोरीशिवाय मला आहे कोण? ती तिकडचीच होऊन बसली तर मी काय करू—हा बाक कवटाळून बसू?

थांबा, किन्सीची सर्व्हिस. गप्प बसा जरा. हं... हं... अरे देवा, जाळ्यात! असू दे गं, असू दे—अहो! टाळ्या काय वाजवताय? पोरीचा चेंडू जाळ्यात गेला आणि तुम्ही टाळ्या पिटता? पाहुण्यांची बाजू आहे, माहितीय मला, शिकवू नका! बघा, इकडेच बघतेय ती. रडवेली झालीय. तुम्ही सगळे हसताय आणि मधोमध मी बसलेय—काय वाटत असेल तिला? सरका. पाय आत घ्या म्हणते ना! नाही, मागच्या दारानं वळसा घालून नाही जाणार, इथूनच जाणार, कोर्टाच्या कडेकडेनं. सगळ्या हॉलला दिसू दे. आणि तुम्ही—माझ्या नातीला हसलात ना? आता समोर बसून बघतेच तुमच्याकडे.