गोटीरामची मिशी

नि वर पेढे पन आनलेस? ठेव तिकडं, फ्रिजवर. बस ना रं हरेश, उभा कशाला — ते कपडे सरकव नि बस. काका न्हानीत हायत तुमचे, तवर हळू बोल. म्हंजे काय, रस्ता रुंद होनार, कंटेनरच्या गाड्यांना वळन पुरत नाय, म्हनून नाक्यावरचा यांचा पुतळा उचलून पार हायवेच्या पलीकडं, त्या नव्या गार्डनमदी — बरोबर ना? क्रेन पन आलीय? आलीच! मग तू मला विचारायला आलास का सांगायला? सांगायला. तेच म्हनते मी.

नाय रं, तुझ्यावर कशाला रागावू? मंडळाचा अध्यक्ष तू, पन रस्ता काय तुझा नाय. तूच धावपळ करून पुतळा बसवलास. जित्या मानसाचा पुतळा बसवू नये म्हनत होत्या बायका — शेवंताबाईनं तर नारळ उतरवून टाकला यांच्यावरनं — पन गावाला हौस! एकाहत्तरच्या लढाईत दोन जखमी जवान पाठीवर घेऊन आला, दिल्लीला पदक मिळालं, असा मानूस जासईत दुसरा कोन हाय? बरोबर हाय तुमचं. मी भांडले ती फक्त मिशीवरनं. आगं बया, यांना जन्मात मिशी नव्हती! लग्नात नाय, फौजेत नाय. नि तुमी भर सभेत पडदा ओढला, तर ही जाडजूड मिशी! तू काय म्हनलास — काकी, फौजी म्हटल्यावर मिशी पायजेच, नायतर लोकांना फौजी वाटनार नाय. मी म्हनलं, कुनाचं तोंड आनून बसवलंत रं मेल्यांनो! केवढी बोलले मी तुला तेव्हा.

तर ऐक आता. कुठं बोलू नको — नाय, बोल, आता काय राहिलंय. यांचं डोकं पहिल्यासारखं नाय, हे गावाला म्हायीत हाय. गावाला वाटतं, नावं इसरतात. नावं नाय रं, हे तिकडंच हायत अजून, लढाईत. ज्या दोघांना आनलं त्यांचं नाव कधी काढत नाय. तिसरा तिथं राहिला, त्याचं काढतात. गोटीराम. कराडकडचा. यांचा जोडीदार, एका ताटात जेवायचे. त्याला आनायला परत निघाले तर साहेबांनी धरून ठेवलं. तुमच्या भाषनात हे येत नाय, कारन मी कुनाला सांगितलंच नाय. पुतळ्याच्या आदी हे रोज बाहेर पडायचे, त्याला शोधायला. एकदा कंटेनर यार्डात सापडले — झोपलेल्या ड्रायव्हरला खांद्यावर घ्यायला बघत होते. गोटीराम ऊठ, गोटीराम चल. तो ड्रायव्हर बिचारा रडायला लागला, नि मी पन.

मग तुझा पुतळा बसला. दुसऱ्या दिवशी हे नाक्यावरनं हसतच आले. म्हनले, यशोदे, गोटीराम आला गं, सुटून आला! — गोटीरामला मिशी होती, हरेश. अशीच. स्वतःचं तोंड ओळखलं नाय यांनी, मिशी ओळखली. तेव्हापासून रोज सकाळी थर्मास नि दोन कप. एक त्याच्यासमोर ठेवतात, एक आपन पितात, नि घरी येऊन पोटभर जेवतात, झोपतात. लोक हसतात, म्हातारा स्वतःच्याच पुतळ्याला सलाम ठोकतो म्हनून. हसू देत. माझं घर त्या मिशीवर चाललंय. हायवेपलीकडं हे कसे जातील रं रोज? रिक्षानं नेईन मी, काय करनार. ओळखतील. मिशी बघतील नि ओळखतील.

का रं? खाली का बघतोस? बोल ना.

काढली? मिशी काढली? कधी — काल? माझी तक्रार होती म्हनून? काकी खूश होतील म्हनून पेढे! अरे देवा. कारागिरानं घासून काढली, वर रंग दिला, नि आता नाक्यावरच कापड गुंडाळून ठेवलाय, गार्डनमदी नेल्यावर पाहुन्यांच्या हातानं सोडनार. परत लावता येत नाय? नाय ना. नाय, तुझं काय चुकलं बाला, माझ्यासाठीच केलंस तू. मीच तर गावभर बोंबलत होते. पन आता यांना काय सांगू? गोटीराम परत तिकडंच राहिला, सांगू? सांग ना, तू शिकलेला हायस.

गप. आले.

काय नाय ओ, आपला हरेश आलाय. पेढे आनलेत त्यानं. हो, भरलाय थर्मास, दोन्ही कप धुतलेत. चपला घाला आदी. थांबा, मी पन येते आज. येते म्हनजे येते, मला पन भेटू दे की गोटीरामला. आज थंडी वाजतेय म्हनं त्याला, पांघरून घेऊन बसलाय.

तू जा, हरेश. जा म्हनते ना. आमच्या आदी पोच नि क्रेनवाल्याला थांबव. कापडाला कुनी हात लावू नका. त्या दोघांची चाय होऊ दे.