तिथं हसायचं नव्हतं

...नाही नाही, तुम्हीच सांगा, पोरगा पोरीला पहिल्यांदा मनातलं सांगतो, ती मान खाली घालते, मागे बासरी वाजते... तिथं कोणी हसतं का? आणि हसणं तरी कसलं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, खुर्च्यांवरून घसरत! अहो, तिथं हसायचं नव्हतं! मी टीव्हीशेजारी उभा राहून हात हलवतोय, ओ काका, ओ मावशी, हा प्रेमाचा सीन आहे, हसायचं पुढं आहे, आलं की मी सांगतो ना... तर मागून चिंधाभाऊ ओरडतो, "कुंदन, बाजूला सरक रे भो, तोंडं दिसत नाहीत!" तोंडं! तिथंच मला कळायला हवं होतं. पण मी पाचवी नापास माणूस, मला कुठली गोष्ट वेळेवर कळली?

तुम्हाला सांगतो, पिक्चर माझ्या दादाचा. सुकदेवदादा. इथं सुरतेत, भेस्तानला लूमवर कापड विणायचा आणि लग्नसराईत एका व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या मागे लाइट धरून पळायचा. कमुरतां, म्हणजे तो अशुभ महिना, लागली की गुजरात्यांची लग्नं बंद, कॅमेरा कपाटात. दादा म्हणाला, कपाटात ठेवण्यापेक्षा मला द्या. आणि दिला त्यांनी! झालं, दादाने पिक्चर काढायला घेतला. प्रेमाचा आणि हसायचा. हिरो कोण? शेजारच्या लूमवरचा सनातन, ओरिसाचा. हिरोईन? धुडकूकाकांची स्वाती, आमच्या अमळनेरकडची. हिरोईनचा करोडपती बाप? चहाच्या लारीवाला ठाकोरभाई, पक्का सुरती, सूट भाड्याचा. इन्स्पेक्टर यूपीचा, बँडवाले तेलुगू. आमच्या गल्लीत पाण्याच्या नळावर जे रोज भांडतात ते सगळे दादाने एका पडद्यावर आणले, तेही न भांडता.

धुडकूकाका तर शूटिंगला स्टूल टाकून समोर बसायचे. त्यांची अट होती... दोघांच्या मध्ये कायम एक लूम पाहिजे! प्रेम करा, पण लूमच्या पलीकडून! आणि दुसरी अट, पोरगी आवाज भरायला स्टुडिओत जाणार नाही. "चेहरा देतो, आवाज देणार नाही!" आता बोला!

आवाज मग दादानेच भरले. सगळ्यांचे! सनातनचा त्याने काढला, ठाकोरभाईचा त्याने काढला, स्वातीचा नाक दाबून त्यानेच काढला. कारण शूटिंग झालं लूमच्या कारखान्यात, आणि शेठ काय पिक्चरसाठी लूम बंद ठेवणार? शंभर लूम खडाखडा चालू, टेपवर एक शब्द येईना. दादाने सगळ्यांना सांगून टाकलं, आवाज मागून घालू, तुम्ही नुसती तोंडं हलवा, काहीही बोला.

काहीही बोला!

अहो, त्या कारखान्यात कानाला काही ऐकू येत नाही म्हणूनच तर लूमवाला माणूस ओठ वाचायला शिकतो ना! वीस हात लांबून एक जण नुसते ओठ हलवतो, "चहा सांग", दुसरा मान डोलावतो. आमची माय लूमच्या सुताच्या कांड्या भरायला जायची, तिला येतं. अख्ख्या गल्लीला येतं. फक्त मला येत नाही. मला दादाने लूमवर पाठवलंच नाही. म्हणाला, "घरात एक बहिरा बस झाला, तुझे कान राहू दे." आणि मला मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला बसवलं. पण दादा स्वतः लूमवाला, त्याच्या ध्यानात कसं आलं नाही? प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात, हा पिक्चरच्या प्रेमात झाला.

आणि यंदाच्या पावसाळ्यात गेला. कावीळ. डोळे हळदीसारखे झाले होते तरी दवाखान्यात माझा हात धरून काय म्हणतोय? "कुंदन, पिक्चर लावून टाक. आणि पब्लिक कुठं कुठं हसते ते बघून मला सांग." मी म्हटलं, तूच बघ ना, उठ की! भांडलो मी त्याच्याशी. शेवटचं बोलणं, आणि मी भांडलो.

तर परवाच्या सुट्टीला, दिवेलागणीला, भाड्याचा मोठा टीव्ही आणला, गल्लीत सतरंज्या टाकल्या, मायला बळंच पुढं बसवलं. दादा गेल्यापासून ती पदराच्या बाहेर बघतच नव्हती. आणि पिक्चर सुरू. लूमच्या अलीकडे सनातन, पलीकडे स्वाती. सनातनच्या तोंडातून माझा दादा बोलतोय, "तेरी आँखों में मुझे मेरा घर दिखता है..." मी डोळे मिटले, वाटलं दादा इथंच बसलाय, चपला काढून, मांडी घालून. आणि पब्लिक? ऐकतंय कोण! सगळे सनातनच्या ओठांकडे बघतायत. मला मागाहून लोकांनी सांगितलं, तो काय बोलत होता माहीत आहे? गावाकडच्या गाडीची स्टेशनं! "उधना, बारडोली, नवापूर, नंदुरबार..." काहीही बोला सांगितलं ना, त्याला तेवढंच पाठ! आता ती गाडी आमच्या खान्देशातूनच जाते. आमची माणसं लागली ओरडायला, "दोंडाईचा! अमळनेर!" अमळनेर म्हटल्यावर धुरपदाबाई तर उभीच राहिली, बोचकं उचलायचं तेवढं बाकी! जळगावनंतर आमची माणसं हळहळली, की उतरलो आपण. मग मागचे ओरिसावाले पुढं नेऊ लागले, नागपूर, रायपूर... आणि त्यांचं ओरिसातलं ब्रह्मपूर आलं तेव्हा अशा शिट्ट्या, अशा टाळ्या! कोणी डोळे पुसतंय, कोणी मिठ्या मारतंय. अहो, तिथं हसायचंही नव्हतं आणि रडायचंही नव्हतं, तिथं स्वातीकडे बघायचं होतं!

आणि स्वाती काय बोलते? दादा नाक दाबून म्हणतोय, "मैं तुम्हारे बिना मर जाऊँगी," आणि तिचे ओठ म्हणतायत, "आधी तो मावा थुंकून ये, मेल्या." धुडकूकाका खूश! छाती पुढं काढून सगळ्यांकडे बघतायत, बघा माझी पोरगी!

पुढं ठाकोरभाई. भाड्याच्या सुटात, खानदानाच्या इज्जतीवर भाषण. तुम्हाला सांगतो, दादाने तिथं असा जड आवाज काढलाय, असा जड... आणि बायकांनी पदर तोंडावर घेतले, म्हातारे पोरांचे डोळे झाकतायत! ठाकोरभाई ओठांनी अस्सल सुरती शिव्या हासडत होता, दूध उतू घालवलं म्हणून त्याच्या नोकराला! आणि हा माणूस पहिल्या रांगेत बसून काय म्हणतो? "हूं तो कंई बोइलो ज नथी!" म्हणे मी काही बोललोच नाही! मी ओरडलो, "अरे, तिथं घाबरायचं होतं! तिथं हसायचं नव्हतं!" तर लोक मलाच हसले.

मी मनात म्हटलं, हसा. शेवट येऊ दे. शेवट दादाचा होता. स्वतः भटजी झाला होता, म्हणून कॅमेरा माझ्या हातात दिला होता. लग्न लागतंय, दादा स्टुलावर चढतो, स्टूल मोडतं, दादा धाडकन सुताच्या कचऱ्यात! उठतो तर तोंडाला सुताची ही एवढी दाढी. अहो, माझ्या भावाने आयुष्यात एवढं हसण्यासारखं काही केलं नव्हतं! आणि तेवढ्याच सीनला आवाज भरायचा राहून गेला.

तो सीन आला. दादा पडला. आणि गल्ली चिडीचूप. एक माणूस हसेना! अरे, इथं हसायचं आहे! हसा ना! मी टाळ्या वाजवल्या, स्वतः खोटं खोटं हसून दाखवलं, कोणी माझ्याकडे बघेना. पडद्यावर दादा दाढी घेऊन उभा, चित्र गदागदा हलतंय, आणि तो सरळ माझ्याकडे बघून ओठ हलवतोय, काहीतरी बोलतोय, आणि तुम्हाला सांगतो, दोनशे माणसांना ते कळलं आणि मला कळलं नाही! एवढ्यात कोणीतरी फिसकन हसलं. बघतो तर माय! पदर तोंडात कोंबून, खांदे हलतायत, डोळ्यांतून धारा आणि हसतेय!

मी तिच्यापुढं बसलो. "माय, काय म्हणाला? काय म्हणाला दादा?"

माय म्हणाली, "तुले नाही समजलं? म्हणतोय, हसू नको ना रे माकडा, कॅमेरा हालून राह्यला!"

आणि मग हसली गल्ली. दादाला नाही, मला!

आता दादाला काय सांगू, सांगा? पब्लिक हसली दादा, पोट धरून हसली, फक्त तू ठरवलेल्या जागा सोडून. बरोबर जागी हसलेला अख्ख्या सुरतेत एकच माणूस... आणि त्यालाच तू म्हणालास, हसू नको.