मामांच्या रायफलीची नळी

माझी हुशारी एकदा फार छान उतरली होती. मी आयटीत नवा होतो. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या माझ्या मामांकडे त्यांच्या आजोबांची परवान्याची रायफल होती. तिच्यावर कोरलेला नंबर इंटरनेटवर शोधून मी काडतूस ठरवलं आणि मामांना घेऊन कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदारांनी काडतूस देण्याआधी नळी आतून मोजली.

"नळी नंतर बदललेली आहे. हे काडतूस मागच्या घरात बसेल, पण गोळी नळीच्या पुढच्या भोकापेक्षा जाड आहे. नळी उडवणाऱ्याच्या तोंडावर फुटेल."

"पण वर नंबर कोरलाय," मी म्हणालो.

"अहो, दारावर पाटी जुन्या भाडेकरूचीही असते."

मी नंबर लिहिलेला कागद खिशात घातला. मामा मात्र खुशीत होते. परतताना म्हणाले, "आता उडवायचीच न्हाई. भिंतीला टांगू. ती बी शाबूत, आपुन बी शाबूत."